पेशंटला द्यायचा कागद आधी पेशंटसोबत बसून तपासा: इन्सुलिनच्या पत्रकाचं उदाहरण घेऊन सगळ्या पायऱ्या

दवाखान्यात पेशंटच्या हातात जो माहितीचा कागद देतात ना, इन्सुलिन कसं घ्यायचं, ऑपरेशननंतर काय खायचं वगैरे, तो लिहितात डॉक्टर, तपासतात दुसरे डॉक्टर, आणि ऱ्हस्व-दीर्घ बघायला ओळखीतले कोणीतरी रिटायर्ड मराठीचे सर असतात. ज्या माणसाने तो कागद समोर ठेवून रात्री जेवायच्या आधी स्वतःच्या पोटात सुई टोचायची आहे त्याला मात्र कोणी काही विचारत नाही. आणि विचारलंच तर "काकू, समजलं ना सगळं?" एवढंच. आता कोणत्या काकू डॉक्टरसाहेबांसमोर नाही म्हणणार? मान हलवतात, कागद पिशवीत टाकतात आणि घरी गेल्यावर सुनेला वाचायला देतात.

मी इंदूरमध्ये एका ट्रस्टच्या दवाखान्यासाठी असे कागद लिहायला आणि तपासायला मदत करते, तर कसं करायचं ते इन्सुलिनच्या पत्रकाचं उदाहरण घेऊन सगळं सांगते, कारण इन्सुलिनच्या कागदात चूक झाली तर ती महाग पडते.

पद्धत माझी नाही. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात डेव्हिड स्लेस आणि रॉब वाइजमन यांनी औषधांच्या माहितीपत्रकांसाठी ती बसवली आणि नंतर युरोपने उचलली. २००४ च्या कायदादुरुस्तीपासून तिकडे औषधाच्या खोक्यातलं पत्रक खऱ्या वापरणाऱ्या लोकांकडून तपासून घेतलंय हे कंपनीला दाखवावं लागतं. आपल्याकडे खोक्यातला तो पातळ घडीचा कागद उघडून बघा, बहुतेक वेळा वर इंग्रजीत लिहिलेलं असतं की हा फक्त रजिस्टर्ड डॉक्टर, हॉस्पिटल किंवा लॅबोरेटरीच्या वापरासाठी आहे. म्हणजे पेशंटसाठी जे काही आहे ते दवाखान्याने दिलेला हा एक झेरॉक्स कागद, मग तो तरी नीट नको का.

आधी ठरवा, काय चुकलं तर चालणार नाही

कागद हातात घ्या आणि स्वतःला विचारा, यातल्या कोणत्या गोष्टी चुकल्या तर माणूस हॉस्पिटलात जाईल. सगळ्या गोष्टी नाही, मोजक्या. डॉक्टरांना सोबत बसवूनच हे करा, नाहीतर नंतर ते म्हणतील अमुक राहिलं. इन्सुलिनसाठी आमची यादी साधारण अशी निघते.

एक, सिरिंज आणि बाटली एकमेकांना जुळणारी हवी. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या जास्त करून ४० युनिट प्रति मिलीच्या येतात आणि त्याला लाल टोपीची यू-४० सिरिंज लागते, पण १०० युनिटवालं इन्सुलिनही मिळतं आणि त्याची नारिंगी टोपीची यू-१०० सिरिंज वेगळी. आता कोणी १०० युनिटवालं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात ५० युनिट जातात. उलटं केलं, म्हणजे ४० वालं नारिंगीत २० पर्यंत भरलं, तर फक्त ८ जातात. मेडिकलवाल्याने जी होती ती सिरिंज दिली आणि घरी कोणी टोपीचा रंग बघितला नाही, एवढ्यावर हे होऊ शकतं.

दोन, साखर कमी झाली तर काय करायचं. ७० च्या खाली गेली किंवा घाम, थरथर, घाबरल्यासारखं झालं तर लगेच ३ छोटे (चहाचे) चमचे साखर पाण्यात घालून, १५ मिनिटांनी परत तपासायचं, अजून कमी असेल तर परत तेवढीच साखर. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ लावायचा. तीन, ठेवायचं कुठे: फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीला, पण फ्रीझरमध्ये नाही, आणि एकदा गोठलं तर फेकून द्यायचं. चार, सुई आणि जेवण यांच्यात किती वेळ. पाच, दुधासारखं गढूळ दिसणारं मिक्स इन्सुलिन असेल तर बाटली दोन्ही तळहातांत हळू फिरवायची, खालीवर करायची, पण जोरात हलवायची नाही. सहा, जागा बदलत टोचायचं.

बाकी डायबेटिस का होतो, पॅन्क्रिया म्हणजे स्वादुपिंड काय करतं, हे सगळं कागदावर असलं तरी चालेल, पण त्याची परीक्षा घ्यायची गरज नाही. खरं सांगायचं तर ते काढूनच टाकलं तर जागा मिळते आणि अक्षर मोठं करता येतं, पण डॉक्टरांना पॅन्क्रियाचं चित्र फार आवडतं.

प्रश्न तयार करणं, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

१२ ते १५ प्रश्न पुरे, त्यापेक्षा जास्त झाले की माणूस थकतो आणि शेवटची उत्तरं थकव्यातून येतात. प्रत्येक प्रश्नासमोर दोन गोष्टी आधीच लिहून ठेवा: उत्तर कागदात नेमकं कुठे आहे, आणि बरोबर उत्तर म्हणजे काय काय बोललं गेलं पाहिजे. हे आधी लिहिलं नाही तर नंतर तुम्ही कोणाचंही अर्धवट उत्तर "चला, कळलंय त्यांना" म्हणून पास करून टाकाल, कारण समोरचा माणूस गोड असतो.

प्रश्न विचारताना कागदातलेच शब्द वापरायचे नाहीत. कागदात "साठवण" असं हेडिंग असेल आणि तुम्ही विचारलंत "साठवण कशी करायची?" तर काकू फक्त तो शब्द शोधून खालची ओळ वाचून दाखवतील, कळलं की नाही काहीच कळणार नाही. त्याऐवजी घरात जे घडतं ते विचारा. हे काही नमुने:

- "समजा आज मेडिकलमधून नवीन बाटली आणली. घरी आल्यावर तुम्ही ती कुठे ठेवाल?"
- "मे महिना आहे, लाइट गेलीये, दुपारपासून आली नाही. या बाटलीचं काय कराल?"
- "दुकानदाराने नारिंगी टोपीची सिरिंज दिली. तुमच्या बाटलीवर ४० लिहिलंय. काय कराल?"
- "काकांना रात्री अडीचला खूप घाम सुटला, हात थरथरतायत, पण बोलतायत. पहिलं काय कराल? मग?"
- "आणि ते हाक मारूनही उठत नसतील तर?"
- "सुई घेतली आणि तेवढ्यात पाहुणे आले, जेवण तासभर लांबलं. कागद काय सांगतो?"

शेवटच्या प्रश्नाबद्दल जरा बोलू द्या, कारण इंदूरमध्ये तो फारच खरा आहे. साधं ह्युमन इन्सुलिन किंवा ह्युमनचंच मिक्स असेल तर जेवायच्या अर्धा तास आधी घ्यायचं असतं, आणि आपल्याकडे रात्रीचं जेवण किती वाजता हे कोणाला माहीत असतं? सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, दहा वाजता तर गर्दी सुरू होते. कागदावर नुसतं "रात्री ८ वाजता" छापलं तर लोक घड्याळ बघून ८ ला सुई घेतात आणि जेवतात साडेदहाला. तेव्हा वेळ घड्याळाशी नाही, ताटाशी जोडलेली आहे हे कळतं का, ते तपासणारा प्रश्न हवाच.

प्रश्नांचा क्रम कागदाच्या क्रमाने ठेवू नका, उड्या मारा. नाहीतर लोक वरून खाली वाचत जातात आणि उत्तरं आपोआप सापडत जातात, घरी रात्री अडीचला तसं होत नाही. आणि सुरुवात सोप्या प्रश्नाने करा, भीती निघते.

कोणाला बसवायचं

एकदम वीस लोक नको. आधी ३ ते ५ जणांसोबत प्रश्नच तपासून घ्या, म्हणजे तुमचे प्रश्न नीट आहेत का ते, मग १० जण, मग कागद दुरुस्त, मग वेगळे १० जण. तेच दहा परत घेतले तर त्यांना उत्तरं पाठ असतात.

डॉक्टर, नर्स, मेडिकलवाले आणि त्यांच्या घरचे बाद. दहा वर्षांपासून इन्सुलिन घेणारे पण शक्यतो नको, ते कागद न बघताच उत्तर देतात आणि कधीकधी ते उत्तर चुकीचंही असतं पण विश्वास इतका की तुम्हीच गडबडता. हवेत असे लोक ज्यांना नुकतंच सुरू झालंय किंवा होऊ शकतं, आणि त्यांच्या घरात जो प्रत्यक्ष सुई भरणार आहे तो. आजींच्या नावाचा कागद असतो पण वाचणारी सून असते किंवा कॉलेजातला नातू असतो, तर दोघांनाही वेगवेगळं बसवा.

इंदूरमध्ये एक मोह होतो. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगरमध्ये ओळखी असतात, भजनी मंडळात किंवा ज्येष्ठांच्या कट्ट्यावर एक फोन केला की दहा जण हजर, आणि सगळे बँकेतून नाहीतर कॉलेजातून रिटायर्ड, रोज पेपर वाचणारे. ते तुमच्या कागदातलं शुद्धलेखन दुरुस्त करून देतील, दोन वाक्यं पण सुचवतील, आणि कागद पहिल्या फटक्यात पास होईल. पण ज्यांना खरी अडचण येणार ते तिथे नाहीत. पोळ्या करायला येणाऱ्या मावशी, बुऱ्हाणपूर-खंडव्याकडून आलेले ड्रायव्हर, सिक्युरिटीवाले भाऊ, चौथी-पाचवीपर्यंत शिकलेले, असे निम्मे तरी घ्या. एमवायसारख्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत बसून करायचं असेल तर आधी लेखी परवानगी घ्या, उगाच बाकावर जाऊन लोकांना धरू नका.

भाषेचंही बघा. आजींना मराठी हवं, नातू हिंदी किंवा इंग्लिश मीडियमचा, त्याला हिंदी भराभर वाचता येतं आणि मराठी अडखळत. म्हणून आमच्याकडे एका बाजूला मराठी आणि मागे हिंदी असा कागद चालतो, पण मग दोन्ही बाजू वेगळ्या तपासायच्या, मराठी पास झालं म्हणून हिंदी पास होत नाही. आणि आकडे: सिरिंजवर इंग्रजी आकडे असतात, तेव्हा डोसच्या जागी कागदावर पण तसेच छापा, माणसाला दोन्ही शेजारी धरून बघता आलं पाहिजे.

प्रत्यक्ष बसल्यावर

एक जण विचारणारा, एक जण लिहिणारा. तिसरा कोणी नको, विशेषतः कागद लिहिणारे डॉक्टर तर अजिबात नकोत, ते मध्येच "नाही नाही, त्याचा अर्थ असा आहे" करून समजावायला लागतात. पाऊण तासाच्या आत संपवा. चष्मा आणायला आधीच फोनवर सांगा. कागद तोच द्या जो खरा मिळणार आहे, तेवढ्याच साइजचा, तसाच झेरॉक्स केलेला, तशीच घडी घातलेला. तुमच्या लॅपटॉपवर तो फार सुंदर दिसतो, त्याचा उपयोग नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर त्यांच्याच मोबाइलवर दाखवा, फुटक्या स्क्रीनसकट.

सुरुवातीला हे मी जवळपास शब्दशः म्हणते: "मावशी, ही तुमची परीक्षा नाही, या कागदाची परीक्षा आहे. जिथे अडलं तिथे कागदच नापास, तुम्ही नाही. हा मी लिहिलेला नाही, त्यामुळे वाईट म्हणालात तरी चालेल." शेवटचं वाक्य फार उपयोगी आहे, आपल्याकडे लोक समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून चांगलं म्हणतात. (तुम्हीच लिहिला असेल तर विचारायला दुसऱ्या कोणाला बसवा, खोटं बोलू नका.) मग परवानगी घ्या, नाव लिहिणार नाही ते सांगा, रेकॉर्डिंग करणार असाल तर विचारा.

मग कागद वाचायला द्या, हवा तितका वेळ. नंतर प्रत्येक प्रश्नाला तीन गोष्टी बघायच्या. उत्तर कागदात सापडतं का. सापडल्यावर ते स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का. आणि जिथे हाताने करायचं काम आहे तिथे ते करून दाखवता येतं का.

ही तिसरी गोष्ट लोक सोडून देतात आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. २००६ मध्ये अमेरिकेत टेरी डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता, ३९५ पेशंट होते. "दोन गोळ्या दिवसातून दोनदा घ्या" ही सूचना वाचायला येण्यात कच्च्या असलेल्या लोकांपैकी ७१ टक्क्यांनी बरोबर सांगितली, पण दिवसभराच्या गोळ्या मोजून दाखवा म्हटल्यावर फक्त ३५ टक्क्यांच्या आसपास लोकांना चार गोळ्या काढता आल्या. तर तोंडाने सांगितलं म्हणजे झालं असं नाही. टेबलावर एक रिकामी बाटली, पाणी, दोन्ही रंगांच्या टोप्यांच्या सिरिंजा ठेवा (सुई काढून किंवा टोपीसकट, कोणाला टोचून घेऊ नका) आणि म्हणा, "कागदात लिहिल्याप्रमाणे १२ युनिट भरून दाखवा." इथे जे दिसतं ते कोणत्याही प्रश्नात दिसत नाही. कोण कुठल्या सिरिंजकडे हात नेतो, कोण १२ शोधत १० आणि २० च्या मध्ये अडकतो, कोण बुडबुडे तसेच ठेवतो.

अडलेल्या माणसाला मदत करायची नाही, हे फार अवघड जातं. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. मग फक्त "तुम्ही आत्ता काय शोधताय?" एवढंच विचारा. लिहिणाऱ्याने नजर कुठे गेली, बोट कुठे फिरलं, काय पुटपुटले ते जसंच्या तसं उतरवायचं, "गोंधळले" असं नाही लिहायचं तर "फ्रिजच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, इथे फुली का आहे" असं लिहायचं.

आणि मधेच जर कळलं की समोरचा माणूस घरी खरंच चुकीचा डोस घेतोय, तर टेस्ट थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. तुम्ही स्वतः डोस सांगायचा नाही.

शेवटी दोन मोकळे प्रश्न: "यात काय राहिलं?" आणि "काय काढून टाकलं तरी चालेल?" पहिल्याचं आमच्याकडचं उत्तर जवळपास ठरलेलं, "उपासाचं काही लिहिलं नाहीये." एकादशी, चतुर्थी, श्रावणातले सोमवार, आणि डॉक्टरांनी कागदात उपासाचं नाव काढलेलं नसतं. त्याचं उत्तर तुम्ही लिहायचं नाही, डॉक्टरांना लिहायला लावायचं. निदान "उपास करायचा असेल तर आधी विचारा, स्वतः डोस बदलू नका" एवढं तरी.

निघताना रिक्षाचे पैसे द्या आणि बरोबर-चूक उत्तरं पण सांगून पाठवा, माणूस चुकीची समजूत घेऊन घरी जायला नको. चहा-पोहे तर होतातच, पोह्यांवर जिरावण (आमच्याकडचा मसाला) न घालता सोडलं तर इंदूरचा माणूस पुढच्या वेळी येणार नाही.

मार्क आणि दुरुस्ती

एक साधा तक्ता. प्रत्येक प्रश्नाला "लगेच सापडलं / शोधत बसले / नाही सापडलं" आणि "पूर्ण कळलं / अर्धं / नाही कळलं". युरोपात कसोटी अशी असते की दहापैकी नऊ जणांना माहिती सापडावी आणि ज्यांना सापडली त्यातल्या दहापैकी नऊ जणांना ती कळावी, म्हणजे साधारण ८१ टक्के, वीस लोकांत किमान १६, आणि हे प्रत्येक प्रश्नाला वेगळं. सगळ्या प्रश्नांची सरासरी काढू नका, सरासरीत सिरिंजचा प्रश्न लपून जातो. आणि माझं मत विचाराल तर सिरिंज आणि बेशुद्धीच्या प्रश्नांना १६ वर मी समाधान मानत नाही, तिथे एकही उलटं उत्तर आलं तरी कागद परत लिहायचा.

काहीजण विचारतात की सॉफ्टवेअरने वाचनीयतेचा स्कोअर काढला तर? ते फॉर्म्युले इंग्रजी वाक्यं आणि इंग्रजी शब्दांच्या लांबीवर बसवलेले आहेत, मराठीला लावून काही हाती लागत नाही. सोडा.

दुरुस्ती करताना नेमका रोग ओळखा. सापडलंच नसेल तर शब्द बदलून उपयोग नाही, जागा बदलावी लागते, हेडिंग बदलावं लागतं. "हायपोग्लायसेमिया" हेडिंग काढून "साखर एकदम कमी झाली तर" केलं आणि तो चौकोन पहिल्या पानावर वर आणला की शोधाशोध संपते. सापडलं पण कळलं नाही तर वाक्य मोडा, एका वाक्यात एकच काम. "थंड ठिकाणी ठेवावे" हे वाक्य तर मला दिसलं की मी खोडतेच, कारण फ्रीझरपण थंडच असतो आणि माठाशेजारचा कोपरापण. "फ्रिजच्या दारात किंवा खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका." असं लिहा. कळलं पण करता आलं नाही तर शब्दांनी भागणार नाही, सिरिंजचं मोठं चित्र आणि खुणेपाशी बाण लागतो.

चित्रांची परीक्षा वेगळी घ्या, शब्द झाकून. "हे चित्र काय करायला सांगतंय?" फ्रीझरवर फुली असलेलं चित्र बघून फ्रिजमध्येच ठेवायचं नाही असा अर्थ निघू शकतो, बाटली फिरवायचे बाण बघून ती खदाखदा हलवायची असं वाटू शकतं. धोक्याच्या खुणांसाठी अमेरिकेच्या मानकात ८५ टक्के लोकांना बरोबर अर्थ लागला पाहिजे आणि घातक उलटा अर्थ काढणारे ५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत असा दंडक आहे. दहा लोकांत हे नेमकं मोजता येत नाही, पण दहातल्या एकाने जरी उलटा अर्थ काढला तरी मी ते चित्र बदलते. ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी मात्र चित्रांवर विसंबू नका, मोबाइलवर दोन मिनिटांचा आवाजातला मेसेज करा आणि तोही अशाच पद्धतीने तपासा, ऐकल्यावर भरून दाखवा म्हणून.

दुरुस्तीला डॉक्टर विरोध करतात, "एवढं सोपं केलं तर शास्त्रीय राहत नाही." त्यावर वाद घालत बसू नका. तक्ता समोर ठेवा आणि लोकांनी बोललेली दोन-चार वाक्यं नाव न घेता वाचून दाखवा. त्यानंतर डॉक्टर स्वतःच पेन काढतात. मजकूर शेवटी त्यांनीच तपासून सही करायचा, ते कधीच टाळू नका, सोपं करताना डोस बदलला असं व्हायला नको.

मग नवे दहा जण, तेच प्रश्न. सगळ्या प्रश्नांची कसोटी जमली तर छापा. नाही जमली तर फक्त अडलेल्या प्रश्नांपुरता अजून एक फेरा.

छापताना खाली कोपऱ्यात आवृत्ती आणि तारीख टाका. दवाखान्याने बाटलीऐवजी इन्सुलिनचं पेन द्यायला सुरुवात केली, इन्सुलिनची कंपनी बदलली किंवा सिरिंज दुसरी यायला लागली की कागद परत टेस्टला बसवायचा, निदान त्या एका भागापुरता. आणि ज्या दिवशी नवा कागद येईल त्या दिवशी काउंटरच्या ड्रॉवरमधला, ओपीडीच्या टेबलावरचा आणि बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवलेला जुना गठ्ठा स्वतः जाऊन उचला, कारण सिस्टर हाताला लागेल तोच देतात.